ळ

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, श्रावण.
भागो मेस्त्रीने खिळ्यांची पेटी माझ्या टेबलावर आदळली:
"ळ सपले, संपादकांनू. तीन होते, तिनांचे दांडे मोडले.
कोल्हापूरसून नवे येयसर
ळ नसलेली बातमी लिवा."

लिहिली. पाच आठवडे.
नारळी पौर्णिमेची श्रावणी पौर्णिमा केली,
वादळाचं तुफान, शाळेचं विद्यालय.
जेटीच्या उद्घाटनाला श्रीफल वाढवलं.
लोक म्हणाले, संपादकांची भाषा काय शुद्ध झाली हो!
फौजदार काळे नवे रुजू झाले होते,
त्यांना महिनाभर रुजू होऊ दिलं नाही.
मी स्वतः केळुसकर. नावाच्या जागी नुसतं 'संपादक'.

गंमतच होती
चौथ्या अंकापर्यंत.

चौथ्या अंकात बाळो खडपकर बुडाला.
मी छापलं: एक तरुण मच्छीमार.
सुभद्रा, त्याची आई, अंक घेऊन छापखान्याच्या पायऱ्या चढली.
तिला वाचता येत नव्हतं,
कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं, दोनदा.
"ह्येच्यात माझो झील खंय आसा?"
मी पेटी पुढे केली. ळचा रिकामा खण दाखवला.
तिने खणात बोट फिरवून बघितलं,
बोटाची शाई पदराला पुसली, आणि गेली.

आता मीच अठ्ठ्याहत्तरचा.
तालुक्याचा इतिहास लिहायला घेतलाय.
समितीचं म्हणणं: शंभर पानं, फोटो भरपूर,
मे महिन्यातले पाहुणे यायच्या आत.
जुने अंक निम्मे वाळवीने वाचून संपवलेत.
उरलेले चाळताना दिसलं,
रस्ता, पूल, भूखंड, करार, मोबदला, रिसॉर्ट,
एकातही ळ नाही.
भागो हे शब्द डोळे मिटून जुळवायचा.
पुलासाठी मी एकोणीस वर्षं अग्रलेख लिहिले.
पूल झाला. पुलावरून जे जे आलं
त्याचीही बातमी मीच दिली, पहिल्या पानावर,
अभिनंदनाच्या चौकटीत.
विमानतळाला ळ लागतो खरा,
पण तोवर आम्ही ऑफसेटवर गेलो होतो.

गेल्या मंगळवारी पाळेखोलला गेलो,
सत्यवती परबीणीकडून कुणग्यांची नावं उतरवून घ्यायला.
सातबाऱ्यावर नुसते आकडे आहेत.
ती अंगणात बसून, सोलं फोडता फोडता सांगत गेली:
आवळीचो कुणगो, तळीमागचो, खळ्याकडचो,
देवाची मळी, बगळेभाट,
आणि एक, ज्याचं नाव तिला आठवेना,
"थंय माझी म्हस मेली होती."
तेही लिहून घेतलं.
मधेच थांबून विचारते, "ह्यां खयच्या पानार येतलां?"

येताना बगळेभाटावरून आलो.
तिथे आता कमान आहे, निळं पाणी आहे चौकोनी,
आणि गावाचं नाव इंग्रजीत, पितळेचं.
रखवालदार म्हणाला, "पालेखोलला पहिल्यांदाच आलात काका?"
रखवालदार पाळेखोलचाच. बापाला ओळखतो मी त्याच्या.
म्हटलं, हो. पहिल्यांदाच.

रात्री नातीच्या कॉम्प्युटरवर बसतो.
ती शिकवते: आजोबा, ळ वेगळा नाही शोधायचा,
लचीच कळ, वरून शिफ्ट दाबून धरायचं.
प्रकरण चौथे. बा...
माझी बोटं आता मंद उठतात.
धरून ठेवलं, आणि ळ येतच राहिला,
एका ओळीतून दुसरीत, दुसरीतून खाली,
सगळं पान भरत.
नात म्हणाली, खोडा ना ते.
म्हटलं, खोडू.
अंमळ राहू दे.