चौथी अट

लाट थांबते तिथे फेसाची एक कड उरते,
कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ.
ती पाण्याची की वाळूची,
हे मी दरवर्षी विचारते तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला.
(यंदा अकरा आहेत. बारावा बंदरावर कामाला लागला.)
कडेवरच्या कुठल्याही बिंदूभोवती
शिंपलीएवढा घेर काढा, तिळाएवढा काढा,
त्याहून लहान काढा,
आत पाणी सापडतंच, आणि वाळूही.
म्हणून ती दोघांच्याही संवृतीत.
सातबाऱ्यावर दोन नावं, आणि तंटा नाही.

मग फळ्यावर चार अटी.
रित्याची संवृती रिती.
जो संच घेतला, तो आपल्या संवृतीत असतोच.
एकदा मिटलेलं पुन्हा मिटून वाढत नाही.
आणि चौथी: दोन संच एकत्र करून मिटा
किंवा वेगवेगळे मिटून एकत्र करा, सारखंच.
एवढ्यावर आख्खी संस्थिती उभी राहते,
मी म्हणते, आणि खडू ठेवते.
पट्टी नाही, माप नाही, अंतर नाही.
कोण कुणाला लागून आहे, तेवढंच.

मागच्या बाकावरून वैजयंती टिकम म्हणाली,
बाई, रापण चालेल का?

उभादांड्याला पहाटे साडेपाच.
होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून आली होती,
दोन्ही टोकांना माणसं दोरीला लागलेली.
पूर्वी साठ असायची, आता तेवीस.
उरलेली मलपीच्या ट्रॉलरवर, किंवा कुठेच नाहीत.
वैजयंती बोटांवर अटी तपासत होती.
किनाऱ्यावर कोणी नाही, तर जाळंही नाही: पहिली.
धरणारा स्वतःच दोरीत धरलेला: दुसरी.
तिसरी तिच्या बापाने सोडवली, कुणी न विचारता,
"ओढलेल्या जाग्यार परत ओढून काय गावना नाय."

चौथीपाशी ती थांबली.
एक माणूस एकटा उभा करा,
दोरी त्याच्या पायाशी पडते, वेटोळं होऊन.
त्याच्या ताब्यात तोच.
दीडशे पावलांवर दुसरा, तसाच.
बेरीज: दोन माणसं.
पण दोघांना मिळून धरायला सांगा
"मगे मदलो दर्याव पण आपलोच,"
अंकुश टिकम म्हणाले, टाच वाळूत रोवत,
आणि मधला दर्या
तारल्यांनी चमचमत, कावळे घिरट्या घालत,
बोट बोट वर येऊ लागला.

मोडली अट, वैजयंती म्हणाली.
मिटतं, पण संस्थिती नाही.
नाही, मी म्हटलं.
खूश व्हायला हवं होतं मी.
इतकं स्वच्छ प्रतिउदाहरण आमच्या पुस्तकात नाही.

त्यांनी वाटा दिला, पंचवीसेक तारल्या,
नाही म्हणता आलं नाही.
घरी मोरीत बसून खवले काढताना
आठवली ती जुनी वही.
आई गेली त्या वैशाखात दोन याद्या केल्या होत्या मी.
तिचं: नऊ लुगडी, चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या, अडकित्ता.
माझं: बाकीचं सगळं.
एकही वस्तू गहाळ नव्हती.
तरी काहीतरी कमी भरत होतं,
आणि मी, गणिताची बाई,
बेरजेत चूक आहे समजून
रात्ररात्र पुन्हा मांडत बसले होते.

तारल्या सतरा तळल्या. आठ शेजारी दिल्या.

सहामाहीच्या पेपरात प्रश्न टाकलाय:
रापण संस्थिती देते का? कारणे द्या. पाच गुण.
उत्तर एका शब्दाचं आहे.
कारणांसाठी
किती ओळी मोकळ्या सोडाव्यात,
ते अजून ठरत नाही.