इतिवृत्त

मच्छीमार सोसायटीच्या सभेत मी इतिवृत्त लिहितो.
अकरा वर्षं, एकाच निळ्या शाईत.
विषय क्रमांक चार: जेटी कुठे बांधावी,
खाडीच्या तोंडाशी, की देवळाखाली.

पंखा एक, माणसं एकसष्ट.
जयवंत कुबल उठले. ‘लहान तोंडी मोठा घास घेतो,’ म्हणाले.
वय त्र्याहत्तर, तोंडात दात तीन.
मी लिहिलं: श्री. कुबल यांनी मत मांडले.

हसनमियां सारंग म्हणाले,
‘खरं काय ते अल्लाला ठाऊक,
मी आपला पाण्याला विचारून आलोय.’
मी लिहिलं: श्री. सारंग यांनी मत मांडले.

द्रुपदी मालंडकर उठलीसुद्धा नाही.
‘माका काय, मी आपला सांगान ठेवतंय,
मगे माका बोल लावू नकात.’
सांगून ठेवणं म्हणजे काय ते मला माहीत आहे:
फळीवर बरणी ठेवावी तसं.
वर्षभराने झाकण उघडून तीच म्हणणार, बघ, सांगितलेलं.
मी लिहिलं, मत मांडले.

मांडले.
ती बाजारात वाटे मांडते तसे.
मग कुणी येतं, कल्ला उचलून बघतं,
बोटाने दाबतं, नाक मुरडतं,
आणि अर्ध्या भावात मागतं.

पुण्याहून आलेला इंजिनियर हसून म्हणाला,
‘माझेही टू सेंट्स.’
मागच्या रांगेतून द्रुपदी:
‘सेंट? ह्या वासात? दोनान काय होतला!’
सभा पाच मिनिटं तहकूब झाल्यासारखी हसली.
त्याने समजावलं, तिकडची नाणी असतात ती,
आपलं मत फार किमतीचं नाही, असं नम्रपणे सांगायचं.
चेअरमन कोयंडे म्हणाले, ‘लाख मोलाचं बोललात,’
आणि पाणी प्यायले.
दोन पैसे आले, लाख परत गेले.
मी ताळेबंदही लिहितो, पण हा कुठे जुळतो ते कळलं नाही.

मग री ओढणारे.
रापण ओढून हात घट्ट झालेली माणसं,
दोर कुणाचा हे न बघता ओढतात.
देवळाखाली, देवळाखाली.
उरलेल्यांनी मिठाची गुळणी धरली.
आमच्या गावात मीठ काही कमी नाही.

तेव्हा दाराशी उभा असलेला टेकराज,
कुबलांच्या ट्रॉलरवरचा खलाशी, नेपाळचा,
दोन्ही तळवे पँटला पुसून बोलला,
‘सानो मुख, ठूलो कुरा,’
आणि पुढे काही न बोलता बाहेर बोट दाखवलं.

देवळाखाली ओल्या वाळूत त्याने काठी रोवली होती,
गणपती गेल्यावर, दर वितीला गाठ बांधून.
सात गाठींतल्या दोन वर होत्या.
पाच वाळूने गिळलेल्या.

कुणीच काही बोललं नाही.
द्रुपदीच म्हणाली, ‘ह्येचा नि आमचा सारख्याच रे.
फक्त आमच्या तोंडात घास, ह्येच्या तोंडात गोष्ट.’

मी पेन धरून बसलो.
आम्ही बोलण्याला घास का म्हणत असू?
घशात अडकेल, ही भीती आधी कुणाला वाटली?
त्याच्या डोंगरात तोंड लहान असलं
तरी गोष्ट गोष्टच राहते, ती गिळावी लागत नाही.

चेअरमन म्हणाले, हा सभासद नाही.
नियम सोळा. बिगर-सभासदाचं इतिवृत्तात येत नाही.
मी मान हलवली. नियम मीच टाईप केला होता.
जेटीचा विषय पुढच्या सभेत ठेवला.
सूचक: कुबल. अनुमोदक: सारंग.

संध्याकाळी घरी जाताना बघितलं,
काठीवर बगळा बसला होता,
एका पायावर, खाडीकडे तोंड करून.
एकच गाठ वर होती.
वही पिशवीत होती. मी ती काढली नाही.