कळ

निवडणूक संपली आणि ठाण्यातून रायफल घरी आली
दस्त्याला सुतळीने बांधलेला पुठ्ठा घेऊन: एक्केचाळीस.
तीन महिने कुठल्याशा ओल्या भिंतीला टेकून होती.
हवालदार म्हणाला, तपासून घ्या, सही करा.
मी सही केली. तपासली नाही.

सेफ्टीची कळ हलेना.
तशी ती बाबांच्या वेळेपासूनच घट्ट,
पण आता अंगठ्यावर वळ उठतो आणि ती तिथेच.

ओटीवर गोणपाट पसरलं. मॅगझिन काढलं,
बोल्ट मागे ओढून चेंबरमध्ये करंगळी घातली.
रिकामं. पुन्हा घातली.
इनूस मुकादम सांगतो,
रिकामी बंदूक दोनदा रिकामी असावी लागते.

इनूस विजयदुर्गच्या जेटीवर लाँचची इंजिनं उघडतो.
मुरारीची बंदूक ना? मी नाय हात लावूचंय, म्हणाला,
आणि शिलाई मशीनच्या तेलाची अर्धी बाटली दिली.

डाव्या अंगाला एकच स्क्रू, खाच झिजलेली.
पेचकस तीनदा घसरला.
पोलादी पट्टी उचलली तशी कळ बाहेर आली,
कुर्ली बिळातून येते तशी, तिरकी आणि नाराज.

आत खोबरेल.
किती वर्षांचं कोण जाणे. काळवंडून
काजूच्या डिंकासारखं झालेलं;
त्यात भाताचं तूस, खारी हवा, एक मुंगी.
बाबा सगळ्यालाच खोबरेल लावत:
रहाटाला, कुलपाला, दुखऱ्या कानाला.

वाटीत रॉकेल, जुना टूथब्रश.
हळूहळू आटे दिसले, एकात एक शिरलेले.
परत बसवताना एक आटा चुकला.
कळ छान फिरली, आणि चाप अडलाच नाही.
त्यापेक्षा घट्ट होती ती बरी.
पुन्हा काढली.
दिवे लागायच्या सुमाराला
कळ मागे: चाप मुका. कळ पुढे: टक्.
एका बोटाने.

आई आठळ्या सोलत सगळं बघत होती.
"हंय हाड," म्हणाली.

फुरसं चावून बाबांचा अंगठा वाळला,
त्यानंतर दोन पावसाळे
ती त्यांच्यासोबत माळ्यावर जायची राखणीला.
आम्हाला हे ठाऊक नव्हतं.
बारीक केलेला कंदील. खाली भातात डुकरांची मुसमुस.
ते दस्ता खांद्याला लावून थांबायचे,
ती अंधारात चाचपत कळ शोधायची
आणि दोन्ही अंगठ्यांनी पुढे लोटायची.
मग बार, आभाळात,
आणि चिखल तुडवत पळणारे पाय.
सकाळी गाव म्हणे, मुरारी अजून एकटा राखण करतो.

तिने हात पदराला पुसले.
दोन्ही अंगठे ठेवले, ओठ दाबले,
सगळं अंग त्यात घातलं,
आणि कळ अशी सुटली की अंगठे लोखंडावर आपटले.

"इतकी हलकी?"
बराच वेळ ती अंगठ्यांकडे बघत राहिली.
"मगे माजा काय काम होता थंय?"

मी पुठ्ठ्याची सुतळी सोडवत होतो. गाठ सुटेना.

कळ तिने मागे ओढून ठेवली, एका बोटाने.
बोटांचं तेल सवयीने केसांना पुसलं
आणि वास वेगळा आला म्हणून
हात तसाच डोक्यावर राहिला.