उणे दोन

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरकतात.
जिरगल बोटाखाली एक ओळ धरते:
फर्मवेअर सापडलं नाही. एरर उणे दोन.

चुलीत शेण्या सारता सारता कुबात म्हणतो,
"बाहेर उणे बावीस आहे.
हिला उणे दोनातच हुडहुडी?"

खिंडीवरच्या या हिमनोंद केंद्रात
सतरा दिवसांचे आकडे अडकून पडलेत.
उतारावर किती बर्फ साचलाय
खाली नारीनमध्ये कुणालाच ठाऊक नाही.
वायफायचं कार्ड जागच्या जागी आहे,
हाक मारली तर ओ देतं.
आपण कोण, तेवढं त्याला आठवत नाही.
वीज गेली की पाटी कोरी,
चालू करताना दरवेळी नव्याने सांगावं लागतं.
"माझी घोडी अशीच," कुबात म्हणतो.
"रोज सकाळी सांगतो, बाई, तू घोडी आहेस."

जिरगल हसत नाही. ओळी पुन्हा वाचते.
सत्याहत्तर आहे का? नाही.
शहात्तर? नाही.
पंचाहत्तर?
आवाज न चढवता एकेक पायरी उतरत
यंत्र मागत गेलंय,
आणि बाहत्तरपाशी गप्प झालंय.
तिच्या पेनड्राइव्हवर त्र्याऐंशी आहे, ताजी.
ती कुणी मागितलेलीच नाही.
नाव बदलून सत्याहत्तर म्हणून पुढे केली,
कार्डाने तोंडात घेतली, थुंकून टाकली.

हवी ती फाइल नेटवर आहे.
नेट त्या फाइलच्या पलीकडे आहे.

बऱ्याच वेळाने कुबातला आठवतो
खोगिरांच्या खोलीतला लॅपटॉप,
गेल्या हिवाळ्यात मेलेला,
ज्याच्या झाकणावर तो आता कांदा चिरतो.
चार स्क्रू. पाचवा गंजलेला, तो तोडावा लागतो.
डिस्क इतकी गार की जिरगल ती
अर्धा तास कोटाच्या आत, बगलेत धरून बसते.
मग जोडते. उघडते.
असायला हवी त्याच फोल्डरात
सत्याहत्तर.
मेलेल्याच्या खिशात किल्ली.

कॉपी. ड्रायव्हर उतरवला, पुन्हा चढवला.
ओळी सरकल्या. उणे काही नाही.
हिरवा दिवा लागला,
विझला,
लागला.
सतरा दिवसांचा बर्फ
एकेक आकडा होऊन दरी उतरू लागला.

कुबातने चहाच्या डब्यावर
फाइलचं नाव उतरवून घेतलं.
लॅटिन अक्षरं त्याला येत नाहीत,
त्याने ती चित्रासारखी काढली,
आडव्या रेघेसकट.

"एक टिंब राहिलं," जिरगल म्हणाली.
त्याने ते चाकूच्या टोकाने कोरलं.