सहावं ताट

ह्यांचे साहेब रविवारी जेवायला येणार म्हणून
हरभट रोडवरून काचेच्या सहा वाट्या आणल्या,
निळ्या काठाच्या. दुकानदार म्हणाला, टिचकी मारून बघा.
मारली. पाच एका सुरात,
सहावी जरा खर्जात.
तिलाच आधी पिशवीत घातलं.

गोडाचं काय, हा प्रश्न तीन दिवस.
श्रीखंड सगळेच करतात,
बासुंदीला हल्ली कुणी नावाजत नाही.
तेव्हा वरच्या मजल्यावरच्या तिरोडकर बाई, मालवणच्या,
म्हणाल्या, तुमच्याकडे हळदीची पानं मिळतात का हो?

मिळतात का!
अख्खं गाव हळदीवर उभं:
सौदे, पोती, हमालांचे पिवळे दंड.
पण पान?
पान आम्ही कधी हुंगलंसुद्धा नव्हतं.
हरिपुरात दहा मागितली
तर रावसाहेब मगदूम हसले,
वहिनी, ह्याला म्हसरंबी तोंड लावत न्हाईत.
आणि विळ्यानं सपासप कापून
भाराच दिला.

उकड थापली. ओलं खोबरं, गूळ,
वर तासगावचा बेदाणा
(हा बाईंना अजिबात मान्य नव्हता).
झाकण काढलं, आणि वाफेतून जो वास आला
तो चाळीस वर्षं माझ्याच बांधावर उभा होता.
मी ओळख दिली नव्हती.

मग ताटं. लग्नातली पाच शिल्लक,
सहावं पुरातलं.
पाणी ओसरल्यावर जिन्याखालच्या गाळात सापडलेलं,
मधोमध कोरलेलं:
चि. सौ. कां. चंपावती हिस, मामाकडून, ९-५-७१.
गल्लीत विचारलं, घाटावर विचारलं,
भांड्यांच्या दुकानात विचारलं.
चंपावती कुणाचीच नव्हती.
म्हणून राखेनं घासून फळीवर ठेवलं, पालथं.

साहेबांच्या मिसेसनी विचारलं, पान खायचं असतं का?
जिन्यातून बाई ओरडल्या, नाही हो, सोलायचं!
म्हणजे त्या तिथेच उभ्या होत्या, मघापासून.
त्यांनाही आत घेतलं.
खर्जातली वाटी त्यांच्या हातात दिली, साजूक तुपाची.
मुलं दोन-दोन खाऊन उठली.
साहेब मात्र भडंगाचा डबा
पुन्हापुन्हा जवळ ओढत राहिले.

सगळे गेल्यावर मी बसले,
सहाव्या ताटावर, उरलेल्या एका पातोळीशी.
गूळ फुटून अक्षरांत उतरला.
बोटानं निपटून घेताना
चंपावती हलकीच लागली, तारीख तर जवळजवळ गेलेलीच.
'मामाकडून' खोल होतं.
तिथे कोरणाऱ्याला कुणीतरी सांगितलं असणार,
जरा जोर दे.