हरणाचं कलम

वेंडेलने पाकिटाच्या पाठीवर
पेन्सिलीने तीन आकडे लिहिले.
गाडीची किंमत, अगदी ताणून, अठ्ठावीसशे डॉलर.
टक्कर-विम्याचा हप्ता, वर्षाला सातशे चाळीस,
कारण चालवणारी सतरा वर्षांची.
आणि ठोकलीच, तर आधी आपल्या खिशातले हजार.
चौथा आकडा त्याने लिहिला नाही.
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला,
एवढं मलाही कळतं.

"दुसऱ्याचं नुकसान भरायचा विमा, तो कायद्यानेच घ्यावा लागतो.
हा तुझ्या मर्जीचा.
मी असतो तर घेतला नसता."
विमा विकणारा माणूस असं म्हणाला
की त्याच्याकडे जरा निरखून बघावं.
मी बघितलं. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा,
तेव्हाही कॉपी करू द्यायचा, फुकट.

गाडी म्हणजे तोइवो मामाची ब्युइक.
बारा हिवाळ्यांच्या मिठाने दारांच्या कडा कुरतडल्यात,
मागच्या सीटला अजून माशांचा वास येतो.
मामा गेला, गाडी सिग्नेला.
तिने आरशाला लोकरीचा लाल गोंडा बांधला
आणि गाडी तिची झाली.

"आता हे नीट ऐक," वेंडेल म्हणाला.
"हरीण येऊन आदळलं, तर ते वेगळं कलम.
वर्षाला नव्वद. ते घेच, या भागात ते हवंच.
पण हरणाला चुकवायला वळलात
आणि झाडावर गेलात, तर ती टक्कर."
"का?"
"झाड काही धावत आलेलं नसतं."

म्हणून रविवारी,
लाकडाच्या वखारीमागच्या मोकळ्या जागेत,
फ्रिजचं रिकामं खोकं मी बर्फात उभं केलं.
"हे हरीण. ब्रेक दाब. चाक सरळ धर. वळू नकोस."
ती वळली.
"पुन्हा."
पुन्हा वळली.
तिसऱ्यांदा बर्फाच्या ढिगात नाक घालून थांबली,
खोकं जागच्या जागी, साधा ओरखडासुद्धा नाही.
काच खाली करून म्हणाली,
"मग हरणाचं काय?"

हरणं पुष्कळ आहेत, असं म्हणणार होते.
थंडीने जबडा आखडला होता.
"घरी चल," म्हणाले.

रात्री कामावर निघण्याआधी
कॉफीच्या डब्यावर हिशेब मांडला.
महिन्याला साठ-बासष्ट टाकले डब्यात
तर दोन वर्षांत अर्धी गाडी जमते,
आणि ती ठोकलीच नाही, तर डबा आपला.
आकडे इतके स्वच्छ की वाटलं, झालं, ठरलं.
झाकण लावलं.

मी काउंटीच्या नांगरगाडीवर रात्रपाळी करते.
टू हार्बर्सच्या वरच्या रस्त्यावरचा
कुठला चर कुणाच्या नावाचा, मला पाठ आहे.
पुलापाशी हेल्मर, दोनदा.
खिंडीच्या वळणावर ती नवी नर्स.
चरात गेलेल्यांना ओढून काढताना
एकच विचारते, वळलात ना?
आणि ते मान हलवतात, शाळेतल्या पोरांसारखे.

पहाटे चारला ती दिव्यात उभी होती.
मादी. पाठीवर बर्फ साचलेलं, तरी हलत नव्हती.
माझ्याखाली अकरा टन लोखंड,
बावीस वर्षांची नोकरी,
आणि कालच पोरीला शिकवलेलं वाक्य.
ब्रेक दाबला.
चाक सरळ धरलं.
म्हणजे, जवळजवळ सरळ.
बोटभरच. उजवीकडे.
पात्याने कुंपणाचा एक खांब अलगद आडवा केला,
आणि ती झाडांत निघून गेली, घाई न करता.

उतरून खांब पुन्हा उभा केला.
पायाने बर्फ दाबलं भोवती.
वहीत नोंद केली नाही.

आठला वेंडेलचं दुकान उघडतं.
"टक्करवाला पण घाल," म्हटलं.
"अगं, हिशेब बसत नाही त्यात."
"माहीत आहे."
तो थांबला. पलीकडे पेन्सिल शोधत असावा.
"आधीचे खिशातले किती ठेवू? पाचशे की हजार?
पाचशेला हप्ता वाढेल."

खिडकीतून सिग्ने दिसत होती,
ब्युइकची काच खरवडत,
स्वतःपुरतं वाटोळं भोक पाडून त्यातून बघत.

"सगळी काच साफ कर!" मी ओरडले.
मग फोनमध्ये म्हणाले,
"हजार."