डाव्या दाढेने

संघटनेच्या कपाटात, तिसऱ्या खणात
डिंकाचा वास धरलेली एक वही आहे.
तिच्यात माझ्याच अक्षरात:
रणपिसे शांतवन, दापोडी, डावखुरा.
लढती सदतीस, विजय सहा.

वजाबाकी नवी पोरं मोठ्याने करतात
आणि हसतात.

मी भाकरीचा कडक पापुद्रा
डाव्या दाढेनेच चावतो
अठ्ठ्याऐंशी सालापासून.

शांतवन खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होता.
रात्रपाळी सुटली की तसाच सायकलवर टांग मारून
संगम पुलावरून कॅम्पात यायचा,
केसांत गंधकाचा वास घेऊन.
हाताच्या पट्ट्या म्हणजे बायकोच्या पातळाचे फाडलेले काठ.
ग्लोव्ह्ज ज्याचे मोकळे असतील त्याचे.

कुणाला ताप आला, कुणाची परीक्षा निघाली,
कुणी नुसताच घाबरला,
की निरोप दापोडीला.
वजनात बसेल का?
बसेल हो, खिशात दोन दगड टाका.

कोपऱ्यातून आमचे कोच सांगायचे,
सोपा आहे. पण सांभाळून.

त्या ‘पण’मध्ये शांतवन राहायचा.

पंचांच्या कागदावर तो फारसा उमटत नसे.
तीन खायचा, एक द्यायचा,
तोही हवेत.
गुडघ्यांत झोप, डोळ्यांत झोप,
पाय असे टाकायचा जणू रिंगणात चिखल झालाय.
आणि कुठेतरी, पगारासारखा,
महिन्यातून एकदाच येणारा
तो डावा.

मला आला दुसऱ्या फेरीत.
मी पुढे होतो. बराच पुढे.
खरं सांगतो, मी तेव्हा
बक्षिसाच्या स्टीलच्या डब्याचा विचार करत होतो.

आधी पत्र्याच्या छताखालचा कल्ला बंद झाला.
मग उजवा जबडा माझा नव्हता.
मोजणी ऐकू आली ती थेट चारपासून.
आठला उभा होतो,
उभा म्हणजे, दोरीवर वाळत घातलेला.

शांतवन समोर आला. हात खाली.
त्याने मला नीट पाहिलं,
पाळी संपताना मशीन बंद झालं का
हे पाहावं तसं,
आणि घंटा होईपर्यंत नुसता भोवती फिरत राहिला.

निकाल तीन-दोन. माझ्या बाजूने.
हात वर केला कुणीतरी,
तो मलाच जड झाला.

सायकलचं कुलूप काढता काढता म्हणाला,
मिठाने शेक रे. आणि आठ दिवस
खारी खाऊ नकोस, टोचते.

पुढे मी मोठमोठ्या लोकांशी खेळलो,
पेपरात फोटो येणाऱ्यांशी.
त्यांचे ठोसे
कुठे लागले ते आता आठवत नाही.
घोरपडीचा सुधन्वा ढमढेरे
शांतवनला हरवून घरी गेला
तो पुन्हा तालमीत आलाच नाही,
बापाच्या गिरणीत बसला.
विचारलं तर म्हणे, पिठाची सवय झाली.
त्याच्या नावावरही वहीत विजयच आहे.

वहीत शेवटचा रकाना ‘शेरा’.
शांतवनसमोर तो कोरा.
मी दोनदा पेन उघडलं.
एकदा शाई सांडली, तेवढीच.

परवा मंगळवार पेठेतून फोन आला.
आमच्या पोराची पहिलीच लढत आहे, साहेब,
समोरचा चिंचवडचा कुणी,
दोन जिंकलाय, चौदा हरलाय,
घालू ना त्याच्यावर?

सोपा आहे, म्हणालो,
आणि पुढचा शब्द येण्याआधी
जबडा कट्कन वाजला.

पलीकडे ऐकू गेलं असावं.
काय म्हणालात, साहेब?